राज्याचा झेंडा, करवीरचा भगवा आणि तिरंगा: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात गेली अनेक वर्षं शाळेत चित्रकला शिकवतो. २६ जानेवारी, १ मे, ६ जून आणि १५ ऑगस्ट या चार तारखा जवळ आल्या की फोन वाजायला लागतो. पालक, इतर शाळांचे शिक्षक, ग्रामपंचायतीत काम करणारे माजी विद्यार्थी आणि पेठेतल्या तालमीतली पोरं, सगळ्यांचे प्रश्न झेंड्याबद्दल असतात आणि दर वर्षी बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं आहे.

१. सर, महाराष्ट्र राज्याचा अधिकृत झेंडा कोणता?

कोणताच नाही. शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी, ताम्हण हे राज्यफूल, आंबा हा राज्यवृक्ष, ब्ल्यू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू. २०२३ पासून राज्यगीतही आहे. या यादीत झेंडा नाही. मंत्रालयावर, जिल्हाधिकारी कार्यालयावर आणि १ मेच्या शासकीय कार्यक्रमात फडकतो तो तिरंगाच. स्पर्धा परीक्षेच्या एखाद्या पुस्तकात ‘महाराष्ट्राचा ध्वज: भगवा’ असं छापलेलं दिसलं तर ते चूक आहे, पोरांना तसं पाठ करू देऊ नका.

२. मग भगवा आमचा न्हवं का? घरावर, तालमीवर, गडावर तोच असतोय की!

आपलाच आहे. मात्र ‘आपला’ आणि ‘शासनाचा’ हे दोन वेगळे शब्द आहेत. तिरंग्यामागे ठराव आहे, त्याला तारीख आहे, ठरलेलं माप आहे. भगव्याचा असा जन्मदाखला कुठल्या दप्तरात मिळत नाही. तो वारीच्या दिंडीत पताका म्हणून चालत आला, स्वराज्याच्या फौजेत निशाण झाला, गडांवर चढला आणि देवळांच्या शिखरांवर राहिला. समर्थ रामदासांनी आपल्या छाटीचं कापड शिवरायांना निशाणासाठी दिलं, ही कथा घरोघरी सांगतात. ती परंपरेनं चालत आलेली कथा आहे आणि वर्गात मी ती कथा म्हणूनच सांगतो. त्यानं भगव्याचा मान तसूभरही कमी होत नाही.

ग्रँट डफ हा इंग्रज अधिकारी साताऱ्याला रेसिडेंट होता. १८२६ साली छापलेल्या त्याच्या मराठ्यांच्या इतिहासात भगव्या झेंड्याचं वर्णन गडद नारिंगी आणि टोकाशी दुभागलेला असं येतं. म्हणजे दोन टोकांचा हा घाट आजच्या छापखान्याची कल्पना नाही. कापडाच्या बाहेरच्या कडेला मधोमध खाच घेतली की दोन जिभा होतात. वारा कमी असला तरी त्या सुट्या हलतात आणि काठीवर काहीतरी जिवंत आहे असं लांबूनही कळतं. लढाईच्या धुळीत निशाण ओळखू येणं किती गरजेचं असेल, ते शिवजयंतीला एखाद्या उंच गच्चीवरून पेठांकडे बघितलं की समजतं.

३. भगवा आणि जरीपटका एकच का?

नाही. भगवा हे साधं कापडी निशाण. जरीपटका म्हणजे जरीकाम केलेलं मानाचं निशाण. मोहिमेवर निघणाऱ्या सरदाराकडे जरीपटका सोपवला, की त्याच्याबरोबर छत्रपतींच्या नावानं लढायचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही गेली. ज्या तुकडीत जरीपटका, तिथं सेनेचं केंद्र. तो पडला किंवा शत्रूच्या हाती गेला तर फौजेचा धीर सुटे, म्हणून त्याच्याभोवती निवडक माणसं असत. आता दुकानात सॅटिनच्या प्रत्येक चकचकीत झेंड्याला जरीपटका म्हणतात. बोलण्यात चालेल, पण शाळेच्या प्रकल्पात फरक लिहा.

४. कोल्हापूर संस्थानाचा झेंडा कसा होता? साताऱ्याचा वेगळा होता का?

दोन्ही गाद्या शिवछत्रपतींच्याच घराण्याच्या. संभाजीपुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्याच्या गादीवर आल्यावर ताराराणींनी पन्हाळ्यावर वेगळी गादी कायम केली. १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहानं करवीर, म्हणजे कोल्हापूर, आणि सातारा ही दोन राज्यं एकमेकांनी मान्य केली. वाटणी मुलखाची झाली, वारशाची झाली नाही. म्हणून करवीरचं निशाणही भगवंच राहिलं, दोन टोकांचं. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्या दिवसापासून भगवा इथल्या सरकारचा झेंडा राहिला नाही. समाजात आणि सोहळ्यात तो आहेच. दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात अंबाबाई, तुळजाभवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या येतात, छत्रपती घराण्याच्या हस्ते शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटायला एकच झुंबड उडते. संस्थान गेलं तरी कोल्हापूरकर त्या चौकात दर वर्षी उभा राहतो.

५. काही संस्थानांच्या झेंड्यांवर ढाल, सिंह, हत्ती, लॅटिन ब्रीदवाक्य दिसतं. ते आपलं की इंग्रजांचं?

बऱ्याच अंशी इंग्रजांचं वळण. १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, तेव्हा राजेरजवाड्यांना रेशमी निशाणं भेट देण्यात आली. त्यावरची चिन्हं बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्यानं युरोपातल्या कुलचिन्हांच्या पद्धतीनं काढली होती: मधे ढाल, दोन बाजूंना धरून उभे प्राणी, खाली फीत आणि तिच्यावर ब्रीदवाक्य. त्यामुळे जुन्या संस्थानी चिन्हाचं चित्र बघताना दोन थर वेगळे करा. सूर्य, नाग, कट्यार असं चिन्ह घराण्याचं असू शकतं, मांडणी मात्र विलायती असते.

६. भगवा, केशरी आणि गेरू यांत नेमका काय फरक? पोरं सगळ्यांना ऑरेंजच म्हणतात.

माझ्या विषयातला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गेरू किंवा काव म्हणजे लोहयुक्त माती. तिच्यात रंगवलेलं कापड तांबूस, मातकट दिसतं. संन्याशाच्या छाटीचा मूळ रंग तो. केशरी हा केशराच्या काड्या पाण्यात सोडल्यावर येतो तसा, पिवळ्याकडे झुकलेला. भगवा या दोहोंच्या मधला, केशरीपेक्षा तांबूस आणि गेरूपेक्षा उजळ. पोस्टर रंगात करायचा तर क्रोम यलोत थोडं थोडं व्हर्मिलियन मिसळत न्या आणि शेवटी ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच बर्न्ट सिएना घाला. सिएना जास्त झाला की लगेच विटकरी होतो. तिरंग्यासाठी सिएना अजिबात नको. तिरंग्याचा वरचा पट्टा केशरी आहे, भगवा नाही आणि नारिंगीही नाही.

७. झेंडा नाही, तर महाराष्ट्राचं चिन्ह तरी काय?

मुद्रा आहे आणि ती फार देखणी आहे. मधे समई आणि भोवती संस्कृत ओळी: ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते ॥’ शिवरायांच्या राजमुद्रेत ‘शाहसूनोः शिवस्यैषा’ अशी ओळ आहे. तिथं ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ आलं, बाकीचं जवळपास तेच. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी मुद्रा.

राजमुद्रेचा अष्टकोन आता एका खऱ्याखुऱ्या ध्वजावरही आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे विक्रांत युद्धनौका नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी नौदलाचं नवं निशाण आलं. जुन्या निशाणावरचा इंग्रजी वळणाचा लाल क्रूस गेला. वरच्या कोपऱ्यात तिरंगा आहे आणि काठीपासून लांबच्या, उडत्या बाजूला निळा अष्टकोन, ज्याच्या सोनेरी किनारीची प्रेरणा शिवरायांची मुद्रा आहे. मुलांना मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून आठ बाजू बोटानं मोजायला लावतो.

८. राज्याला स्वतःचा झेंडा ठेवायला घटनेत मनाई आहे का?

राज्यघटनेत राज्याच्या ध्वजाबद्दल परवानगीचं किंवा मनाईचं कलम नाही. कलम ५१क राष्ट्रध्वजाचा आदर हे नागरिकाचं कर्तव्य सांगतं, तेवढंच. कायद्यानं स्वतःचा ध्वज असलेलं एकच राज्य होतं, जम्मू-काश्मीर. लाल कापड, त्यावर पांढरा नांगर आणि काठीच्या बाजूला तीन उभ्या पांढऱ्या पट्ट्या, जम्मू, काश्मीर आणि लडाख या तीन भागांसाठी. तिथल्या संविधान सभेनं तो ७ जून १९५२ रोजी स्वीकारला. ऑगस्ट २०१९ मध्ये विशेष दर्जा गेला आणि त्याच महिन्यात श्रीनगरच्या सचिवालयावरून तो उतरला. तेव्हापासून कुठल्याही राज्याला मान्यताप्राप्त वेगळा ध्वज नाही.

तामिळनाडूतही करुणानिधींनी १९७० मध्ये राज्याच्या ध्वजाचा आराखडा मांडला होता. तो पुढे गेला नाही. मात्र त्यांच्याच पाठपुराव्यामुळे १९७४ पासून १५ ऑगस्टला राज्यांत मुख्यमंत्री ध्वजारोहण करू लागले. त्याआधी तो मान राज्यपालांचा होता.

९. बेळगावात महापालिकेसमोर लाल-पिवळा झेंडा लावलाय. कर्नाटकचा तो अधिकृत आहे ना?

नाही. हा प्रश्न आपल्याकडे चिडूनच विचारला जातो आणि ते मी समजू शकतो. सीमाभागात आपली माणसं आहेत, सोयरीक आहे, निपाणी-बेळगावला जाणं-येणं रोजचं आहे. तरी माहिती स्वच्छ ठेवू या. लाल-पिवळा झेंडा १९६० च्या दशकात म. राममूर्ती या कन्नड चळवळीतल्या लेखक-पत्रकारानं पुढे आणला. पिवळा हळदीचा आणि लाल कुंकवाचा. १ नोव्हेंबरला तो कर्नाटकभर लागतो, पण कायद्यानं तो राज्याचा ध्वज नाही.

मार्च २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं दुसराच आराखडा जाहीर केला. पिवळा, पांढरा, लाल असे तीन आडवे पट्टे आणि मधे गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी. त्याला केंद्राची मंजुरी मिळाली नाही. म्हणजे बेळगावातला लाल-पिवळा आणि आपला भगवा कायद्याच्या नजरेत एकाच जागी उभे आहेत: लोकांचे झेंडे, शासनाचे नव्हेत. हे ऐकून काहींना राग येतो. पण हळद-कुंकवाचा मान आपल्याही देवघरात आहे. त्या कापडाला पाय लावणं किंवा ते जाळणं हे भगव्याचा मान राखणाऱ्या माणसाला शोभत नाही, असं मला मनापासून वाटतं.

१०. तिरंग्याचं डिझाइन नक्की कुणी केलं? पिंगली वेंकय्यांनीच ना?

एकाच माणसाचं नाव लिहून पूर्ण मार्क देण्यासारखा हा प्रश्न नाही. क्रमानं बघू.

७ ऑगस्ट १९०६ रोजी कलकत्त्याच्या पारशी बागान चौकात हिरवा, पिवळा, लाल असा तीन पट्ट्यांचा झेंडा फडकला. त्यावर आठ कमळं आणि ‘वंदे मातरम्’ होतं. पुढच्या वर्षी, २२ ऑगस्ट १९०७ ला, मादाम कामांनी जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत आपला झेंडा उंचावला. तो झेंडा आज पुण्यात केसरीवाड्यात आहे. सहलीला शनिवारवाडा बघून परत येता ना, तिथून केसरीवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पोरांना तो दाखवाच. १९१७ मध्ये टिळक आणि ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा झेंडा आला. पाच लाल आणि चार हिरव्या पट्ट्या, सप्तर्षींचे सात तारे आणि कोपऱ्यात युनियन जॅक. तो युनियन जॅक लोकांच्या पचनी पडला नाही.

पिंगली वेंकय्या आंध्रातले. १९१६ मध्ये त्यांनी ध्वजाच्या अनेक नमुन्यांची पुस्तिकाच काढली. १९२१ मध्ये बेजवाड्यात, म्हणजे आजच्या विजयवाड्यात, त्यांनी लाल-हिरवा आराखडा गांधीजींपुढे ठेवला. चरख्याची सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची आणि पांढऱ्या पट्ट्याची भर गांधीजींची. १९३१ मध्ये काँग्रेसनं नेमलेल्या समितीनं चक्क पूर्ण केशरी झेंडा सुचवला होता, कोपऱ्यात चरखा. तो मान्य झाला नाही. केशरी, पांढरा, हिरवा आणि मधे निळा चरखा असा तिरंगा स्वीकारला गेला. जून १९४७ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली ध्वज समिती बसली आणि २२ जुलै १९४७ रोजी नेहरूंनी मांडलेल्या ठरावानं संविधान सभेनं आजचा ध्वज स्वीकारला. चरखा गेला, चक्र आलं.

तेव्हा उत्तरपत्रिकेत ‘पिंगली वेंकय्या यांच्या आराखड्यातून विकसित’ असं लिहा. त्यांच्या कष्टांचा मान राहतो आणि इतरांचंही योगदान पुसलं जात नाही.

११. केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, असंच शिकवायचं का?

नाही. १९२१ च्या आराखड्यावर बोलताना रंग समाजांशी जोडले गेले होते, हे खरं. पण १९३१ च्या ठरावातच रंगांना धर्माचा अर्थ नाही हे स्पष्ट केलं गेलं आणि संविधान सभेत राधाकृष्णन यांनी वेगळाच अर्थ उलगडला. केशरी म्हणजे त्याग आणि निःस्वार्थ वृत्ती, पांढरा म्हणजे सत्याचा प्रकाश, हिरवा म्हणजे मातीशी आणि झाडापिकाशी असलेलं नातं. पंचगंगेच्या काठावर उसात वाढलेल्या पोराला हिरव्याचा हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

१२. चरखा काढून चक्र का घेतलं? आणि चोवीस आरे सारख्या अंतरावर कसे काढायचे?

कारण आखणीचं आहे आणि चित्रकाराला ते लगेच पटतं. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो. चरख्याला एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चाती, म्हणजे मागून बघितला की उलटा. चक्र कुठूनही सारखंच. नेहरूंनी सभेत हेच सांगितलं. चक्र सारनाथच्या अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षावरचं, म्हणून अशोकचक्र.

काढायची रीत: २७ सेंमी लांब आणि १८ सेंमी उंच आयत घ्या, प्रमाण ३:२ बसतं. प्रत्येक पट्टा बरोबर ६ सेंमीचा. चक्राचा व्यास साडेपाच सेंमी ठेवा. भारतीय मानक ब्यूरोच्या ९०० बाय ६०० मिलिमीटरच्या झेंड्यात चक्र १८५ मिलिमीटरचं आणि पट्टा २०० चा असतो, तेच हे प्रमाण. चक्र पट्ट्याला भिडत नाही, वरखाली बारीकशी पांढरी फट राहते. आता कोनमापक मध्यबिंदूवर ठेवा आणि दर १५ अंशांवर टिंब द्या, चोवीस होतात. आधी ०, ९०, १८०, २७० हे चार आरे ओढून घ्या आणि मग प्रत्येक चौथ्या हिश्शात पाच-पाच भरा. एका टोकापासून सुरुवात करून गोल फिरत गेलात तर शेवटचे दोन आरे हमखास एकमेकांना चिकटतात. रंग गडद निळा, काळा नको. पांढऱ्या पट्ट्यात रंग भरू नका, कागदच राहू द्या.

१३. एकाच काठीवर वर तिरंगा आणि खाली भगवा चालेल का?

चालणार नाही. ध्वजसंहितेनुसार, म्हणजे तिरंगा कसा लावायचा याच्या सरकारी नियमांनुसार, एका काठीवर तिरंग्यासोबत दुसरा कुठलाही झेंडा लावता येत नाही. शेजारच्या काठीवरही दुसरा झेंडा तिरंग्यापेक्षा उंच नसावा. अगदी बरोबरीनं लावायलाही संहितेत सांगितलेले अपवाद वगळता मनाई आहे. तिरंग्याच्या काठीच्या टोकावर हार, फुलं किंवा चिन्ह बांधायचं नाही. तालमीवर कायमचा भगवा असेल तर १५ ऑगस्टला तिरंग्याची काठी स्वतंत्र, अंतर राखून आणि उंच घ्या.

१४. ६ जूनला ग्रामपंचायतीवर भगवा लावतात. मग तो शासकीय झाला की नाही?

त्या दिवसापुरता शासकीय सोहळा झाला, राज्याचा ध्वज झाला नाही. रायगडावर ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. त्या दिवसाची आठवण म्हणून २०२१ पासून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायतींत शिवस्वराज्य दिन साजरा होतो. ग्रामविकास विभागाच्या आदेशानं गुढीसारखी स्वराज्यगुढी उभारतात आणि तिच्यावर शिवरायांची शुभचिन्हं असलेला भगवा स्वराज्यध्वज असतो. कार्यालयाचा तिरंगा आपल्या जागी असतोच. अंतराचे नियम वर तेराव्या उत्तरात आहेत.

१५. पोलीस उद्यानातला तिरंगा रात्रीही असतो. सूर्यास्ताला उतरवायचा नियम आहे ना?

पूर्वी सर्वांसाठी होता. डिसेंबर २००९ मध्ये गृहखात्यानं उंच स्मारक-स्तंभांवर, पुरेसा उजेड असेल तर, रात्री ध्वज ठेवायला मान्यता दिली. आपल्या पोलीस उद्यानातला ३०३ फुटी स्तंभ १ मे २०१७ चा आहे. ध्वजसंहितेच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर नागरिकांनाही घरावर दिवसरात्र तिरंगा ठेवता येतो.

१६. खादीचाच हवा का?

नाही. ध्वजसंहितेच्या ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं यंत्रावरचा आणि पॉलिस्टरचाही चालतो. माझं मत विचाराल तर शाळेनं खादीचाच घ्यावा. धारवाड जिल्ह्यातलं हुबळी आपल्याला फार लांब नाही आणि तिथल्या बेंगेरीत मानक ब्यूरोच्या निकषांनुसार ध्वज शिवतात. नांदेडलाही खादीचे तिरंगे तयार होतात. हातात घेतल्यावर कापडाचं वजन कळतं आणि मुलं आपोआप दोन्ही हातांनी धरतात.

१७. झेंड्यात फुलं बांधणं नियमात बसतं का? आमची गाठ दर वेळी अडकते.

बसतं. तिरंग्यात कुठलीही वस्तू गुंडाळायला मनाई आहे, पण प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्यदिनी फडकावण्याआधी आत पाकळ्या ठेवायला सूट आहे. पाकळ्याच ठेवा, अख्खी फुलं नकोत. अख्खा झेंडू देठासकट घडीत अडकतो आणि कापडाला डाग पडतो.

गाठीचं म्हणाल तर पहिल्यांदा हे काम माझ्याकडे आलं त्या २६ जानेवारीला मी साधी गाठ मारली होती. पाहुण्यांनी दोर ओढला आणि ती आणखी आवळली. राष्ट्रगीतासाठी सावधान उभी असलेली सातशे मुलं वर बघत राहिली आणि झेंडा उतरवून पुन्हा चढवावा लागला. तो दिवस मी विसरलेलो नाही. फासाची गाठ हवी. दोराचा एक पदर दुहेरी करून घुसवायचा आणि मोकळं टोक ओढायच्या दोराकडे ठेवायचं. आदल्या संध्याकाळी तीन वेळा ओढून बघा. रात्री दव पडलं की सुती दोर फुगतो, म्हणून सकाळी एकदा परत.

१८. हॉलच्या भिंतीवर तिरंगा उभा लावला तर केशरी कुठल्या बाजूला?

समोर उभं राहून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला.

१९. अमेरिकेत असलेला माझा मुलगा म्हणतो, तिथं प्रत्येक राज्याला झेंडा आहे. खरं का?

खरं आहे, पन्नासही राज्यांना आहे आणि ते बदलतातही. मिसिसिपीच्या १८९४ च्या झेंड्यावर गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचं युद्धचिन्ह होतं. ते २०२० मध्ये काढून टाकलं आणि लोकांनी मतदान करून मॅग्नोलियाच्या फुलाचा नवा झेंडा मंजूर केला. मिनेसोटानं २०२४ मध्ये नवा घेतला.

२०. झेंडा फाटला किंवा विटला तर काय करायचं? आणि जपून ठेवताना घडी कशी घालायची?

फाटलेला, विटलेला लावायचा नाही. तो पूर्णपणे नष्ट करायचा, एकांतात, शक्यतो जाळून आणि मान राखून. आमच्या शाळेत आम्ही दोन-तीन शिक्षक मिळून हे काम संध्याकाळी शाळा सुटल्यावर करतो, त्याचे फोटो काढत नाही. १६ ऑगस्टला रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे दिसले तर उचलून आणा, तेही याच रीतीनं जातात.

घडीला दोन माणसं लागतात. झेंडा आडवा ताणून धरा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा, म्हणजे समोर पांढरी पट्टी येते आणि कडेला दोन्ही रंग डोकावतात. मग डावीकडून आणि उजवीकडून पांढरी बाजू मध्याकडे आणत जा. शेवटची घडी पडली की तळहाताएवढा चौकोन उरतो आणि त्यावर चक्र. तो दोन्ही तळव्यांवर घेऊन कपाटापर्यंत न्यायचा. आमच्याकडे हे काम दर वर्षी पाचवीतल्या एका मुलाला आणि एका मुलीला देतो. घडी चुकली तर पुन्हा उलगडून पहिल्यापासून घालतात.